'रेक' आणि 'रेक २': फाउंड फुटेज भयपटाचा दुसरा भाग पहिल्याशी कसा ताडून पाहावा

गाजलेल्या भयपटाचा दुसरा भाग आला की त्यावरचे मत बहुतेक वेळा 'पहिल्याची सर नाही' एवढ्यावर उरकले जाते. फाउंड फुटेज प्रकाराच्या बाबतीत हे मत फारसे काही सांगत नाही. या प्रकारात आपण पाहतो ते सगळे चित्रण कथेतल्याच कोणीतरी केलेले असते, त्यामुळे पहिल्या भागाची भीती कॅमेरा धरणाऱ्याच्या आणि आपल्या समान अज्ञानावर उभी असते. दुसरा भाग पाहायला बसताना ते अज्ञान आपल्यापाशी उरलेले नसते आणि कोणताही दिग्दर्शक ते परत आणू शकत नाही. म्हणून दुसरा भाग तेवढाच घाबरवतो का, हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि गमावलेल्या अज्ञानाच्या जागी दिग्दर्शकाने काय आणले, हे शोधावे. ते कसे शोधायचे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

उदाहरण म्हणून जाउमे बालागेरो आणि पाको प्लाझा या स्पॅनिश दिग्दर्शकांचे 'रेक' (२००७) आणि 'रेक २' (२००९) हे चित्रपट घेतले आहेत. दोन्ही भागांचे दिग्दर्शक तेच, इमारत तीच आणि रात्रही तीच असल्यामुळे तुलनेसाठी इतकी सोयीची जोडी या प्रकारात क्वचितच सापडते. पुढे दोन्ही चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी पहिली पायरी वाचून थांबावे आणि चित्रपट पाहून झाल्यावर पुढचा भाग वाचावा.

पहिली पायरी: योग्य प्रत, योग्य क्रम

'रेक'वरून २००८ मध्ये 'क्वारंटीन' हा अमेरिकी चित्रपट निघाला आणि २०११ मध्ये त्याचाही दुसरा भाग आला. तो विमानतळावर घडतो आणि त्यात फाउंड फुटेजची पद्धत सोडून दिली आहे. या दोन मालिकांची सरमिसळ झाली तर तुलनेचा पायाच ढासळतो, कारण अमेरिकी आवृत्तीने मूळ कथेतला धार्मिक धागा काढून टाकला आहे आणि 'रेक २' तर पूर्णपणे त्याच धाग्यावर उभा आहे. त्यामुळे मूळ स्पॅनिश चित्रपटच घ्यावेत.

ते डब केलेले न पाहता मूळ आवाजात, सबटायटल लावून पाहावेत. एरवी हा आवडीचा प्रश्न असतो, येथे तो पद्धतीचा आहे. फाउंड फुटेजमध्ये आवाजही कॅमेऱ्यानेच टिपलेला आहे असा दावा असतो, म्हणजे जिन्याच्या खालच्या मजल्यावरून येणारा आवाज दबलेला हवा आणि कॅमेरामनचा श्वास अगदी जवळून ऐकू यायला हवा. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले स्वच्छ संवाद त्यावर चढवले की हा दावा पहिल्याच मिनिटाला खोटा पडतो. शिवाय 'रेक २'च्या शेवटी एका पात्राच्या तोंडून दुसऱ्याचा आवाज येतो, आणि तो प्रसंग मूळ आवाज कानात बसलेला असेल तरच पूर्ण पोहोचतो.

'रेक' ७८ मिनिटांचा आणि 'रेक २' ८५ मिनिटांचा आहे, म्हणजे दोन्ही मिळून पावणेतीन तासही होत नाहीत. दुसऱ्या भागाची कथा पहिल्याच्या शेवटानंतर जेमतेम पाव तासाने सुरू होते, म्हणून शक्यतो दोन्ही एकाच बैठकीत पाहावेत. दोन्हींचे शेवट नाइट व्हिजनमध्ये, म्हणजे अंधारातही दिसेल अशा कॅमेऱ्याच्या सोयीने, चित्रित झालेले असल्याने खोली अंधारी असावी. या पहिल्या पाहण्यात वही हातात घेऊ नये आणि चित्रपट मध्येच थांबवू नये. आपण नेमके कुठे दचकलो हे लक्षात राहते, आणि पुढच्या कामाला तेवढे पुरते.

दुसरी पायरी: कॅमेऱ्याची नोंदवही

दुसऱ्यांदा पाहताना मात्र वही हवी. प्रत्येक प्रसंगासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: कॅमेरा कोणाच्या हातात आहे, तो अजून चालू का आहे, आणि त्याला काय दिसत नाही. फाउंड फुटेज भयपटाचे बहुतेक यशापयश या तीन उत्तरांत सापडते, म्हणून ही पायरी सर्वांत सावकाश करावी.

पहिल्या भागात कॅमेरा एकच आहे आणि तो पाब्लो या कॅमेरामनच्या खांद्यावर आहे. आंखेला विदाल ही दूरचित्रवाणीची वार्ताहर रात्रपाळीच्या लोकांवरील कार्यक्रमासाठी बार्सिलोनाच्या एका अग्निशमन केंद्रात चित्रण करते आहे. ती कॅमेऱ्यासमोर अडखळते, तेच वाक्य पुन्हा म्हणते, जवानांशी गप्पा मारते, काहीतरी घडावे म्हणून वाट पाहते. ही सुरुवातीची मिनिटे काही प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटतात, परंतु पुढची सगळी भीती त्यांनीच कमावलेली आहे. त्या मिनिटांत आपली खात्री पटते की हे दोघे कामावर आलेले लोक आहेत आणि कॅमेरा चालू ठेवणे हेच त्यांचे काम आहे. आंखेलाची भूमिका करणाऱ्या मानुएला वेलास्को यांना दूरचित्रवाणीवरील निवेदनाचा अनुभव होता, आणि पाब्लो म्हणून प्रत्यक्ष कॅमेरा चालवणारे पाब्लो रोसो हे चित्रपटाचे छायाचित्रकारच होते. या भूमिकेसाठी वेलास्को यांना सर्वोत्कृष्ट नवोदित अभिनेत्रीचा गोया हा स्पेनमधला चित्रपट पुरस्कार मिळाला. तो रास्तच होता, कारण त्यांच्या वागण्यात अभिनयाचा मागमूस दिसला असता तर कॅमेऱ्यावरचा विश्वासही उरला नसता.

कॅमेरा चालू ठेवण्याचे कारण वाटेत कसे बदलत जाते, हे नोंदवहीत स्पष्ट दिसेल. आरंभी ते केवळ काम असते. मग जवानांबरोबर हे दोघे एका इमारतीत शिरतात, जिथे माणसांना हिंस्र बनवणारा संसर्ग पसरू लागतो. इमारतीला बाहेरून टाळे लागते आणि आतल्यांना कोणी काही सांगत नाही, तेव्हा चित्रण हा पुरावा होतो आणि आंखेला पाब्लोला सगळे टिपायला बजावते. शेवटच्या खोलीत दिवा फुटतो, आणि तिथे कॅमेरा हा दोघांचा एकमेव डोळा होऊन बसतो. जिवावर बेतले असताना हे लोक कॅमेरा टाकून का देत नाहीत, हा या प्रकारावरचा नेहमीचा आक्षेप आहे. 'रेक'मध्ये टप्प्याटप्प्याने त्याचे उत्तर मिळते आणि शेवटी तो आक्षेपच उरत नाही.

दुसऱ्या भागाची पाने याहून दाट भरतील. सशस्त्र पोलीस पथक इमारतीत शिरते तेव्हा एका पोलिसाकडे मुख्य कॅमेरा असतो आणि इतरांच्या हेल्मेटवर छोटे कॅमेरे असतात, ज्यांची दृश्ये अधूनमधून मुख्य चित्राच्या कोपऱ्यात उघडतात. येथे कॅमेरा चालू असण्याचे कारण पहिल्या क्षणापासून ठरलेले आहे: मोहिमेची नोंद ठेवण्याचा हुकूम. या कारणात काही वाढ होत नाही, आणि म्हणून पहिल्या भागात पाब्लोबद्दल वाटते तशी जवळीक या पथकातल्या कोणाबद्दलही वाटत नाही. मात्र अनेक डोळ्यांमुळे पहिल्या भागाला अशक्य असलेली गोष्ट साधते. तिथे पाब्लोपासून दूर गेलेला माणूस आपल्यासाठी नाहीसाच होत असे. येथे तुकडीपासून तुटलेल्या माणसाबरोबर आपण राहतो. बंद खोलीत एकटा अडकलेल्या पोलिसाचा शेवट आपल्याला त्याच्याच डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून पाहावा लागतो. दारापलीकडे सोबती आहेत आणि ते पोहोचू शकत नाहीत, हेही त्याच वेळी आपल्याला माहीत असते. ही भीती पहिल्या भागात कुठेच नव्हती.

मध्यावर पथकाचा कॅमेरा बिघडतो आणि चित्रपट थोडा मागे जाऊन तीन किशोरवयीन मुलांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे वळतो. ही मुले आत काय चालले आहे या कुतूहलाने गटारमार्गे इमारतीत शिरतात. 'कॅमेरा चालू का आहे' या रकान्यात येथे लिहिण्यासारखे काही सापडत नाही, आणि 'रेक २'चा सर्वांत कच्चा भाग तोच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या कॅमेऱ्याने एकच मोलाचे काम केले आहे: पथकाच्या नजरेने पाहिलेली घटना दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसते आणि आधी न कळलेल्या आवाजांचा उलगडा होतो. त्यापुरते हे वळण जपावे, बाकीचे निःसंकोच वजा करावे.

तिसरी पायरी: इमारतीचा आराखडा

कोऱ्या कागदावर इमारतीचा उभा छेद काढावा. खाली प्रवेशदालन, मधोमध जिन्याची पोकळी, प्रत्येक मजल्यावर दारे, वर माळ्यावरचे बंद घर. बाहेरून दिसणारी इमारत बार्सिलोनाच्या रांबला दे कातालुन्या या रस्त्यावरची आहे. अशा जुन्या इमारतींत जिन्याच्या कठड्यावरून वाकले की तळापर्यंत दिसते. वरून कोसळणारा जवान थेट दालनातल्या लोकांसमोर आपटतो तो प्रसंग याच रचनेमुळे शक्य झाला आहे.

आता दोन रंगांनी दोन्ही भागांतल्या हालचाली आखाव्यात. पहिल्या भागाची रेघ जवळपास सतत वर चढते. दार बंद, खिडक्यांवर प्लास्टिकची आवरणे, खालून येणारे संक्रमित. प्रत्येक प्रसंग खालचा एक मार्ग मिटवतो आणि शेवटी फक्त माळ्याचे घर उरते. आंखेला आणि पाब्लो तिथे आपण होऊन जात नाहीत, इमारतच त्यांना वर ढकलत नेते. इतकी सरळ आणि निर्दय रचना क्वचित पाहायला मिळते.

दुसऱ्या भागात पथक पुढच्या दाराने आत येऊन फारसे न रेंगाळता थेट माळ्याकडे जाते, म्हणजे पहिला भाग जिथे संपला तिथून या भागाचे खरे काम सुरू होते. मुले आणि त्यांच्याबरोबरची मोठी माणसे जमिनीखालून येतात. वरून आणि खालून आलेल्या या दोन रेघा मधल्या मजल्यांवर एकमेकींना छेदतात, त्यामुळे आपल्याला पाठ झालेली इमारत पुन्हा अनोळखी होते. ठिकाण बदलून किंवा मोठे करून दुसरा भाग फुगवणे सोपे होते. बालागेरो आणि प्लाझा यांनी तोच जिना पुन्हा वापरला आणि त्यावरून चालण्याची दिशा बदलली. 'रेक २'चे श्रेय मोजताना ही गोष्ट मी सर्वांत वर ठेवतो.

चौथी पायरी: कोणाला किती ठाऊक आहे

वहीचा तिसरा भाग ज्ञानाचा. पहिल्या भागात आंखेलाला जे कळते तेच आपल्याला कळते, आणि तेही तुकड्यातुकड्याने. संरक्षक पोशाखात आलेला आरोग्य अधिकारी सांगतो की पशुवैद्याकडे आणलेल्या एका कुत्र्यामुळे संसर्गाचा माग या इमारतीपर्यंत लागला. त्याच क्षणी आपल्याला आठवते की इमारतीतल्या जेनिफर या आजारी मुलीचा कुत्रा पशुवैद्याकडे आहे. तिच्या आईने हे मुलाखतीत अगदी सहज सांगितले होते आणि मुलीचे वडील औषध आणायला बाहेर गेल्याचेही म्हटले होते. भीतीचा हा उत्कृष्ट नमुना आहे: माहिती आधीच आपल्या हातात होती, तिचा अर्थ उशिरा उघडतो. दुसऱ्या भागात हेच वडील औषध घेऊन परत येतात आणि मुलीसाठी आत शिरण्याचा हट्ट धरतात. पहिल्या भागातले एक किरकोळ वाक्य दुसऱ्या भागात माणूस होऊन समोर येते. अशा जोडण्या वेगळ्या शाईने अधोरेखित कराव्यात, कारण कथा पुढे नेणे आणि कथेला ठिगळ लावणे यांतला फरक त्यांतूनच कळतो.

दुसऱ्या भागात ज्ञानाचा मालक डॉक्टर ओवेन आहे. तो आरोग्य खात्याचा माणूस म्हणून आत येतो आणि लवकरच धर्मगुरू असल्याचे उघड होते. पोर्तुगालच्या मेदेइरोस नावाच्या मुलीला झालेली भूतबाधा, माळ्यावर राहून तिच्यावर प्रयोग करणारा धर्मगुरू आणि तिच्या रक्ताचा नमुना मिळवण्याची मोहीम, हे सगळे त्याच्याकडून कळते. पहिल्या भागात हे सूत्र शेवटच्या काही मिनिटांत, भिंतीवरची कात्रणे आणि जुन्या टेपरेकॉर्डरवरचा अर्धवट आवाज यांतून सूचित झाले होते. तोवर प्रेक्षक त्याला झोंबींचा चित्रपट समजत असतो, आणि दुसरा भाग ही समजूत उघडपणे मोडून भूतबाधेचा चित्रपट होतो.

या वळणाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. तोटा असा की रोगाला कारण मिळाले आणि कारणाला उपायही मिळाला; जपमाळ आणि प्रार्थनेने संक्रमित थबकू लागले की त्यांची अंध, निर्हेतुक भीषणता ओसरते. फायदा असा की त्यांना आता बुद्धी आली. बांधून ठेवलेल्या संक्रमित मुलाची ओवेन चौकशी करतो, तेव्हा समोरून टोमणे आणि धमक्या येतात आणि उत्तर देणारा त्या मुलाहून फार जुना कोणीतरी असल्याचे जाणवते. झोंबीशी संवाद होऊ शकत नाही, त्यामुळे असे दृश्य पहिल्या भागात बसलेच नसते. माझ्या मते फायदा आणि तोटा येथे जवळपास तुल्यबळ आहेत, तरी ओवेन जिथे लांब खुलासे करतो तिथे तराजू तोट्याकडे झुकतो. तो जेवढे बोलतो तेवढा अंधार कमी होतो.

पाचवी पायरी: डोळे मिटून पाच मिनिटे

ही पायरी छोटी आहे. दोन्ही चित्रपटांतली जिन्यावरची साधारण पाच मिनिटे निवडावीत आणि पडद्याकडे न पाहता फक्त ऐकावीत. पहिल्या भागात पार्श्वसंगीत नाही. पावले, दारावरच्या थापा, बाहेरचा ध्वनिक्षेपक आणि माणसांचे एकमेकांवर चढणारे आवाज एवढेच आहे. दुसऱ्या भागात त्यात रेडिओवरचे हुकूम आणि गोळीबार मिसळतो. पहिला आवाज अडकलेल्या लोकांचा आहे, दुसरा चढाई करून आलेल्यांचा. आणि पथकाचा तोल सुटू लागतो तसतसा दुसरा आवाज पहिल्यासारखा होत जातो. हा बदल कुठल्या मिनिटाला होतो, ते लिहून ठेवावे.

सहावी पायरी: दोन्ही शेवट शेजारी शेजारी

आता दोन्हींची शेवटची दहा मिनिटे लागोपाठ पाहावीत. पहिल्या भागात माळ्याच्या पोटमाळ्यात डोकावताना कॅमेऱ्याचा दिवा फुटतो, पाब्लो नाइट व्हिजन सुरू करतो आणि हिरवट उजेडात एक अतिशय उंच, अस्थिपंजर आकृती खोलीत चाचपडत फिरताना दिसते. ही मेदेइरोस. ती साकारणारे हाव्हिएर बोतेत यांची देहयष्टी मुळातच असाधारण लांब आणि कृश आहे, आणि ती आकृती संगणकावर घडवलेली नसल्याचे प्रत्येक हालचालीत जाणवते. तिला अंधारात दिसत नाही, आंखेलालाही दिसत नाही. दिसते फक्त पाब्लोला आणि आपल्याला. आंखेला तोंडावर हात दाबून उभी असते आणि ती आकृती तिच्यापासून हातभर अंतरावरून जाते. मग कॅमेरा जमिनीवर पडतो आणि आंखेला अंधारात ओढली जाते.

'रेक २' याच प्रतिमेने सुरू होतो आणि अखेरीस याच खोलीत परततो, तेव्हा नाइट व्हिजनला नवे काम मिळते. उजेडात जिथे भिंत दिसते तिथे अंधारात दार दिसते. दिवा लावला की ती जागा नाहीशी होते. अंधाराआड असलेले कॅमेरा दाखवतो, एवढेच पहिल्या भागात होते. दुसरा भाग एक पाऊल पुढे जातो: काही गोष्टी अंधारातच अस्तित्वात असतात. केवळ सोय म्हणून आलेले एक तांत्रिक साधन अशा रीतीने कथेचा नियम बनते, आणि ओवेनच्या सगळ्या खुलाशांनी जे साधले नाही ते या एका कल्पनेने साधते. ज्यांना दुसरा भाग आवडला नाही त्यांनी किमान ही मिनिटे पुन्हा पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यानंतरचा धक्का आंखेलाचा आहे. ती जिवंत सापडते, हातात तोच जुना कॅमेरा घेऊन. पहिला भाग पाहिलेल्या प्रेक्षकाचा तिच्यावर पूर्ण विश्वास असतो, आणि चित्रपट नेमका तोच वापरतो. बाहेर पडण्याचा हुकूम फक्त ओवेनच्या आवाजात मान्य होणार असतो. ओवेनला मारल्यावर आंखेला रेडिओवर त्याच्याच आवाजात बोलते. मग पाब्लोच्या कॅमेऱ्यातली उरलेली दृश्ये दिसतात: मेदेइरोसच्या तोंडातून अळीसारखे काहीतरी आंखेलाच्या तोंडात शिरते. पहिल्या भागाने जिथे दृश्य तोडले होते, तिथली पुढची मिनिटे दुसऱ्या भागाने शेवटपर्यंत राखून ठेवली होती.

सातवी पायरी: मत लिहिणे

वही समोर ठेवून मत लिहिताना सरसकट 'सरस' किंवा 'निरस' हे शब्द टाळावेत आणि प्रत्येक विधानामागे एक प्रसंग द्यावा. तीन परिच्छेद पुरतात. पहिल्यात दुसऱ्या भागाने काय गमावले ते, दुसऱ्यात त्या जागी काय आणले ते, आणि तिसऱ्यात त्या आणलेल्यामुळे पहिला भाग पुन्हा पाहताना काही बदलते का ते. तिसरा परिच्छेद सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यावे. 'रेक'च्या बाबतीत माझे उत्तर ठाम होकारार्थी आहे: जेनिफरच्या आईचे औषधाबद्दलचे साधे वाक्य आता ऐकवत नाही, आणि शेवटच्या दृश्यात आंखेला ओढली जाते तेव्हा ती मरते आहे असे वाटत नाही, ती निवडली जाते आहे असे वाटते. एकसंधपणात आणि माणसांच्या जिवंतपणात पहिला भाग निःसंशय वरचा आहे. दुसरा भाग मध्यावर डळमळतो, तरी फाउंड फुटेजमधल्या पुढच्या भागाने पहिल्यापासून काय घ्यावे आणि काय मोडावे, हे त्याच्याइतके स्पष्ट दाखवणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही.

मालिकेचे पुढचे दोन भाग हे मत लिहून झाल्यावरच पाहावेत. प्लाझा यांनी एकट्याने दिग्दर्शित केलेला तिसरा भाग (२०१२) लग्नसमारंभाच्या चित्रणाने सुरू होतो, पण साधारण पहिल्या वीस मिनिटांनंतर तो कॅमेरा कथेतून बाद होतो आणि चित्रपट नेहमीच्या पद्धतीने पुढे जातो. बालागेरो यांचा चौथा भाग (२०१४) आंखेलाला घेऊन समुद्रावरच्या जहाजात घडतो आणि तोही रूढ पद्धतीचाच आहे. या दोन भागांना कॅमेऱ्याची नोंदवही लागू पडत नाही. त्यांच्यासाठी आराखडा आणि ज्ञानाची नोंद एवढीच पाने उघडावीत.